पडदा सुटला आहे, की डोळा जन्मतःच तसा घडला आहे? लहान मुलाच्या डोळ्याची सोनोग्राफी, एमआरआय आणि सीटी कशी वाचावी

चवथीला गावच्या घरी सगळे कुटुंब जमते, आरती झाल्यावर मोबाइलवर फोटो निघतात, आणि एखाद्या फोटोत फ्लॅशमुळे बाकीच्या मुलांच्या बाहुल्या लाल दिसत असताना एकाच मुलाची एक बाहुली पांढरी दिसते. गोव्यात असे मूल प्राथमिक आरोग्य केंद्रातून म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात आणि तेथून बहुधा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाते. या वाटेवर कोठेतरी त्याच्या डोळ्याची पहिली सोनोग्राफी होते, आणि चिठ्ठीवर प्रश्न लिहिलेला असतो: ‘पडदा सुटला आहे का?’ पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेले दृष्टिपटल (रेटिना). हे मार्गदर्शन ती पहिली सोनोग्राफी करणाऱ्या नेत्रविभागातील व रेडिओलॉजीतील निवासी डॉक्टरांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी आहे. एखाद्या पालकाच्या वाचनात हा मजकूर आला, तर त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की पांढरी दिसलेली बाहुली डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवली पाहिजे. मूल खेळते आहे, डोळा दुखत नाही, म्हणून थांबून चालत नाही.

चिठ्ठीवरचा तो प्रश्न मात्र अपुरा आहे. पडदा सुटणे आणि जन्मजात दोष हे दोन परस्परविरोधी पर्याय आहेत असे त्यातून सूचित होते, आणि नवशिका वाचक ‘हे किंवा ते’ ठरवण्याच्या मागे लागतो. लहान मुलांत बहुतेक वेळा पडदा सुटणे हा परिणाम असतो आणि त्याच्या मुळाशी जन्मजात दोष, अकाली जन्म, गाठ किंवा मार असे काहीतरी दडलेले असते. म्हणून तपासणी करताना दोन प्रश्न क्रमाने विचारावेत: दिसणारी रेघ खरोखर दृष्टिपटलाची आहे का, आणि असल्यास ते जागेवरून का सुटले? पहिल्याचे उत्तर सोनोग्राफीवर बहुधा मिळते. दुसऱ्यासाठी डोळ्याचा आकार, भिंगामागची जागा, दृष्टिपटलाखालील द्रव आणि दुसरा डोळा यांच्याकडे पाहावे लागते. या सगळ्याच्याही आधी गाठ आहे की नाही हे पाहायचे असते.

प्रोब हाती घेण्यापूर्वी

इतिहास विचारण्यात घालवलेली पाच मिनिटे पुढची बरीच धावपळ वाचवतात. मूल दिवस भरून जन्मले का, हा पहिला प्रश्न, आणि तो घरच्यांना कळेल अशा शब्दांत विचारावा. ‘प्रीमॅच्युअर होते का?’ या प्रश्नाला कित्येकदा ‘नाही’ असे उत्तर येते, पण त्याच आईला ‘ताई, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं का? किती दिवस?’ असे विचारले की ती तारखेसकट सगळे सांगते. भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या बाळाची त्याही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ती झाली होती का, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर शोधावी.

पांढरेपणा जन्मापासून आहे की नंतर दिसू लागला, एका डोळ्यात आहे की दोन्ही, घरात कोणाचा डोळा लहानपणी काढावा लागला होता का, डोळ्याला मार लागला होता का, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न आजी-आजोबांच्या देखत विचारल्यास उत्तर आवरते घेतले जाते असा माझा अनुभव आहे, त्यामुळे तो आईला बाजूला घेऊन विचारलेला बरा. मूल मुलगा आहे की मुलगी याचीही नोंद ठेवावी, कारण कोट्स रोग (दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा आजार) प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो, आणि दोन्ही डोळ्यांत भिंगामागे पांढरे पटल असलेल्या मुलग्यात नॉरी रोगाचा विचार करावा लागतो. नॉरी रोगात पुढे ऐकूही कमी येऊ शकते, म्हणून श्रवण तपासणीची शिफारस त्याच वेळी करून ठेवावी.

सोनोग्राफी कशी करावी

कॉर्निया किंवा भिंग गढूळ असल्याने आतले दिसत नसेल तेव्हा बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, हीच पहिली तपासणी असते. ती करण्यासाठी भूल लागत नाही, किरणोत्सर्ग होत नाही आणि हवी तितक्या वेळा करता येते. तान्ह्या बाळाची तपासणी करायची असेल तर त्याला पोटभर पाजून, ढेकर काढून, आईच्या मांडीवरच झोपू द्यावे. घरून निघताना घातलेले काजळ आधी ओल्या कापसाने पुसून काढावे, नाहीतर जेलसोबत ते पापणीच्या आत जाते आणि मूल रडून उठते. जेलची बाटली काही वेळ कोमट पाण्यात ठेवावी, कारण वातानुकूलित खोलीतले गार जेल पापणीला लागताच झोपलेले बाळ जागे होते. मिटलेल्या पापणीवर जेलचा जाड थर द्यावा, हाताची करंगळी बाळाच्या गालावर टेकवावी आणि प्रोबचा भार पापणीवर पडू देऊ नये. मार लागून डोळा फाटल्याची शंका असेल तर प्रोब लावूच नये. तेथे प्रथम नेत्रशल्यचिकित्सकाला बोलवावे.

नेत्रविभागातील यंत्राचा प्रोब साधारण १० मेगाहर्ट्झचा असतो. रेडिओलॉजीच्या यंत्रावर हेच काम उच्च वारंवारतेच्या लिनियर प्रोबने करता येते, मात्र त्या यंत्रावर डोळ्यासाठीचा प्रीसेट निवडल्याशिवाय सुरुवात करू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोळ्याच्या तपासणीसाठी मेकॅनिकल इंडेक्सची (ध्वनिलहरींच्या यांत्रिक परिणामाच्या निर्देशांकाची) मर्यादा ०.२३ ठेवली आहे, आणि पोटाच्या किंवा थायरॉइडच्या प्रीसेटवर ती सहज ओलांडली जाते. आणखी एक गोंधळ टाळावा: नेत्रविभागाच्या यंत्रावर डोळ्याचा पुढचा भाग स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतो, तर रेडिओलॉजीच्या यंत्रावर वरच्या बाजूला. एका विभागात काढलेले चित्र दुसऱ्या विभागात वाचताना आधी भिंग कोठे आहे हे शोधून काढावे.

नेहमी चांगल्या डोळ्यापासून सुरुवात करावी. त्याने मूल सरावते आणि आपल्याला तुलनेसाठी माप मिळते. मग दोन्ही डोळ्यांची अक्षीय लांबी मोजावी. दिवस भरलेल्या नवजात बाळाची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, पहिल्या वर्षात ती झपाट्याने वाढते आणि प्रौढपणी २३ ते २४ मिलिमीटरपर्यंत पोहोचते. दोन डोळ्यांतील एक मिलिमीटरचा किंवा त्याहून अधिक फरकही नोंदवण्याजोगा असतो. हे माप घेतल्याशिवाय दिलेला अहवाल माझ्या मते अर्धाच असतो, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावर टेकलेला असतो. डोळा लहान असेल तर कल जन्मजात दोषाकडे, आकार नेहमीसारखा असेल तर गाठ आणि कोट्स रोग या दोहोंकडे लक्ष, आणि डोळा वयाच्या मानाने फार लांब असेल तर तीव्र मायोपियाचा किंवा स्टिकलर सिंड्रोमचा विचार. स्टिकलरमधील मुलाचा चेहरा चपटा असतो, टाळूला फट असू शकते, आणि त्याच्या दृष्टिपटलाला मोठी छिद्रे पडून खराखुरा पडदा सुटतो. म्हणजे येथे जन्मजात दोष आणि पडदा सुटणे ही दोन्ही निदाने एकाच वेळी बरोबर ठरतात.

माप झाल्यावर गेन (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते) वाढवून व्हिट्रियसमध्ये (भिंगामागच्या पारदर्शक जेलीत) काय तरंगते आहे ते पाहावे, नंतर गेन हळूहळू उतरवत जावे. पातळ पटले आणि जुन्या रक्ताचे कण गेन उतरताच विरून जातात. सुटलेले दृष्टिपटल मात्र गेन बराच खाली आणल्यावरही ठसठशीत उरते, आणि ए-स्कॅनवर (एकाच रेषेतील प्रतिध्वनींच्या आलेखावर) लहर त्याला काटकोनात आदळली की उंच टोक उभे राहते. आडवे छेद सर्व बाजूंनी घ्यावेत आणि मग डिस्कपासून (ऑप्टिक नर्व्ह डोळ्याला जोडते त्या जागेपासून) परिघाकडे जाणारे उभे छेदही घ्यावेत. केवळ मधल्या अक्षीय छेदावर विसंबू नये, कारण त्यात भिंगाच्या सावलीने बरेच झाकले जाते.

रेघ दृष्टिपटलाचीच आहे हे कसे ठरवावे

दृष्टिपटल मागे ऑप्टिक डिस्कला आणि पुढे ओरा सेराटाला (दृष्टिपटलाच्या पुढच्या कडेला) घट्ट धरलेले असते, आणि मधला भाग सुटला तरी ही दोन बंधने बहुधा टिकतात. त्यामुळे संपूर्ण सुटलेले दृष्टिपटल अक्षीय छेदात डिस्कवर टोक असलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसते. थोडाच भाग सुटला असेल तर रेघ डिस्कपर्यंत पोहोचलेली दिसेलच असे नाही, तेव्हा उभे छेद घेऊन तिची दोन्ही टोके शोधावी लागतात. ताज्या सुटलेल्या पडद्याची हालचाल ओळखीची असते: डोळा फिरून थांबला तरी तो नदीच्या पाण्यात धरलेल्या लुगड्यासारखा क्षणभर लहरत राहतो. तान्ह्या बाळाला ‘इकडे बघ’ सांगून उपयोग नसतो, म्हणून प्रोब स्थिर धरून त्याच्या स्वतःच्या डोळ्यांच्या हालचालीची वाट पाहावी आणि ती क्लिप म्हणून साठवावी. जुना, आखडलेला किंवा ओढीमुळे सुटलेला पडदा असा हलत नाही. द्रव साचून सुटलेला पडदा गुळगुळीत व फुगीर असतो आणि मुलाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवले की त्याखालील द्रव जागा बदलतो.

कोरॉइड (दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर) सुटल्याचे चित्र वेगळे असते. तेथे आत झुकलेले जाड, घुमटासारखे फुगवटे दिसतात, ते डिस्कपर्यंत जात नाहीत आणि पुढे ओरा सेराटा ओलांडून सिलियरी बॉडीपर्यंत पसरू शकतात. लहान मुलांत हे बहुधा शस्त्रक्रियेनंतर किंवा मार लागल्यावर आढळते. व्हिट्रियसचे मागचे पटल सुटले असेल तर रेघ पातळ असते, गेन उतरताच नाहीशी होते आणि डिस्कला चिकटलेली असेलच असे नाही.

मुलग्यांत आढळणारा जन्मजात रेटिनोस्किसिस येथे फसवतो. त्यात दृष्टिपटल जागेवरून सुटत नाही, ते स्वतःच आतल्या आत दुभंगते. सोनोग्राफीत पातळ, गुळगुळीत, कमी हलणारा फुगा दिसतो. कॉर्निया स्वच्छ असेल आणि मूल बसू शकत असेल तर येथे ओसीटीच (प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर दाखवणारी तपासणीच) निर्णायक ठरते, कारण थर दुभंगलेले त्यात थेट दिसतात.

आधी गाठ वगळावी

रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाच्या गाठीची, बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात. जी गाठ दृष्टिपटलाच्या बाहेरच्या बाजूस वाढते ती पडदा वर उचलते, आणि घाईत पाहणाऱ्याला तो फक्त सुटलेला पडदा वाटतो. म्हणून सुटलेल्या पडद्याखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय प्रोब उचलू नये. गाठीत बहुतेक वेळा कॅल्शियमचे साठे असतात. ते सोनोग्राफीत चकाकतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. गेन अगदी कमी केल्यावरही जे ठिपके उरतात ते कॅल्शियमचे समजून चालावे. उलटपक्षी कॅल्शियम दिसले नाही म्हणून गाठ नाही असे लिहू नये, कारण पसरट वाढणाऱ्या प्रकारात ते नसते. दुसरीकडे, वर्षानुवर्षे सुकत गेलेल्या डोळ्यातही कॅल्शियम साचते, पण तो डोळा आक्रसलेला असतो आणि गाठीच्या डोळ्याचा आकार सहसा नेहमीसारखा असतो.

शंका असलेल्या डोळ्यात निदानासाठी सुई घालू नये, कारण त्या वाटेने गाठीच्या पेशी डोळ्याबाहेर पसरतात. या एका मुद्द्यावर तडजोड नाही. पडदा जोडण्याची शस्त्रक्रिया करण्याआधी गाठ नाही याची खात्री व्हायला हवी, असे मी नेहमी आग्रहाने सांगतो, आणि प्रतिमा-तपासणीचे बालनेत्ररोगातील सर्वांत मोठे काम हेच आहे असे मला वाटते.

भिंगामागचा देठ

आता ज्या दोषाची सुटलेल्या पडद्याशी सर्वाधिक गल्लत होते त्याकडे वळू. गर्भात भिंगाला रक्त पुरवणारी हायलॉइड धमनी डिस्कपासून भिंगाच्या पाठीपर्यंत जाते आणि जन्मापूर्वीच विरून जाते. ती आणि तिच्याभोवतीच्या ऊती विरल्या नाहीत तर भिंगामागे पांढरे पटल आणि तेथून डिस्कपर्यंत जाणारा देठ शिल्लक राहतो. १९५५ साली रीज यांनी या दोषाला दिलेले लांबलचक नाव (पर्सिस्टंट हायपरप्लास्टिक प्रायमरी व्हिट्रियस) पीएचपीव्ही या आद्याक्षरांनी अजूनही चालते. १९९७ साली गोल्डबर्ग यांनी सुचवलेले पीएफव्ही (पर्सिस्टंट फीटल व्हॅस्क्युलेचर) हे नाव आता अधिक वापरात आहे. दोष बहुधा एकाच डोळ्यात असतो, तो डोळा लहान असतो, पुढचा कप्पा उथळ असतो आणि भिंगात मोतीबिंदू होऊ शकतो.

सोनोग्राफीत भिंगाच्या पाठीला चिकटलेला जाडसर थर आणि त्यातून निघून मधोमध मागे जाणारी एकच रेघ दिसली, आणि डोळा लहान असला, तर निदान जवळजवळ झालेच. अडचण तेव्हा येते जेव्हा संपूर्ण सुटलेले दृष्टिपटल आकसून नरसाळ्याची नळी बंद होते. बंद नरसाळेही मधोमध एकच रेघ दाखवते आणि पुढे भिंगामागे आडवे पसरते. या दोहोंना वेगळे करण्यासाठी आडवे छेद घेत प्रोब पुढून मागे सरकवत न्यावा. देठ असेल तर प्रत्येक छेदात मधोमध एक बारीक ठिपका दिसतो आणि त्याच्या सभोवती डोळ्याच्या भिंतीला लागून दृष्टिपटल आपल्या जागी असते. बंद नरसाळे असेल तर मागे अरुंद कडे दिसते, पुढे येताना ते रुंदावत ओरा सेराटाकडे जाते, आणि भिंतीला लागून दृष्टिपटल सापडत नाही. हा शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगाचा आहे: मधली रेघ काय आहे यापेक्षा भिंतीवर काय उरले आहे हे पाहणे सोपे असते.

कलर डॉपलरची मदत घ्यावी, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. वेगाची पट्टी आणि फिल्टर कमी ठेवल्याशिवाय इतका बारीक प्रवाह उमटत नाही. देठात डिस्ककडून भिंगाकडे जाणारा धमनीचा प्रवाह मिळाला तर पीएफव्हीला बळकटी येते. पण सुटलेल्या दृष्टिपटलातही स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात, म्हणून त्याच्या दोन्ही पाकळ्यांत प्रवाह दिसू शकतो. रंग दिसला एवढ्यावर न थांबता तो एका दोरीत आहे की दोन पाकळ्यांत हे पाहावे. त्याशिवाय अकाली जन्मलेल्या बाळात हायलॉइडचे क्षीण अवशेष काही काळ दिसणे नेहमीचेच आहे. भिंगामागे थर नसेल आणि डोळ्याचे माप वयाला शोभेल असे असेल, तर त्याला पीएफव्ही म्हणू नये. काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

एवढे करूनही हा देठ डिस्कपाशी दृष्टिपटलाला तंबूसारखे वर ओढू शकतो, आणि मग दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. अशा वेळी अहवालात पीएफव्ही हे मूळ आणि ओढीमुळे सुटलेला पडदा हा त्याचा परिणाम, असे संबंध जोडून लिहावे. भिंगामागचा थर आणि ओढलेल्या सिलियरी प्रोसेसेस पाहायच्या असतील तर ३५ ते ५० मेगाहर्ट्झची यूबीएम (डोळ्याच्या पुढच्या भागाची अतिसूक्ष्म सोनोग्राफी) तपासणी उपयोगी पडते, पण ती सगळीकडे उपलब्ध नसते आणि लहान मुलात सहसा भूल देऊनच करावी लागते.

कोट्स रोग आणि अकाली जन्मलेल्या बाळाचा डोळा

१९०८ साली जॉर्ज कोट्स यांनी वर्णन केलेल्या रोगात दृष्टिपटलाच्या विस्फारलेल्या रक्तवाहिन्यांतून स्निग्ध द्रव पाझरतो आणि पडदा मागून ढकलला जातो. मूल बहुधा दहा वर्षांच्या आतला मुलगा असतो, एकच डोळा बाधित असतो आणि त्याचा आकार नेहमीसारखा असतो. सोनोग्राफीत पडद्याखाली कोलेस्टेरॉलचे बारीक कण मंद तरंगताना दिसतात. गाठीतील कॅल्शियम एका जागी घट्ट असते आणि हे कण सरकतात, एवढा फरक क्लिप पाहताना लक्षात येतो. स्थिर चित्रात तो हरवतो. गाठीशी सर्वांत जास्त गल्लत होणारा रोग हाच असल्याने येथे एमआरआय केलेला बरा.

अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाच्या आजाराचे, म्हणजे आरओपीचे, निदान इतिहासातच असते. चौथ्या टप्प्यात पडद्याचा काही भाग सुटतो, पाचव्यात सगळा, आणि दोष बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो. सोनोग्राफीत नरसाळे पुढे उघडे आहे की बंद, मागे उघडे आहे की बंद, एवढे शल्यचिकित्सकाला कळवावे, कारण शस्त्रक्रिया करायची की नाही हे त्यावरून ठरते.

जेथे भिंतच खोलगट असते

कोलोबोमात प्रश्न उलटा असतो, कारण तेथे भिंतच मागे खोल गेलेली असते. गर्भाच्या डोळ्याची खालची फट पाचव्या ते सातव्या आठवड्यांच्या सुमारास मिटते. ती मिटली नाही तर खाली नाकाच्या बाजूला बुबुळापासून डिस्कपर्यंत कोठेही खाच राहते. ती पाहण्यासाठी प्रोब वर व कानशिलाच्या बाजूला ठेवून लहर खाली नाकाकडे रोखावी. भिंत जेथे एकदम मागे वळते त्या कडेवरची रेघ सुटलेल्या पडद्यासारखी भासते, पण त्या रेघेच्या मागे द्रव नसून भिंतीची कडाच असते. कधी डोळ्यामागे त्याला जोडलेली पाण्याची गाठही मिळते. मात्र कोलोबोमाच्या डोळ्यात पडदा खरोखर सुटण्याचा धोकाही मोठा असतो, आणि छिद्र बहुधा खाचेवरच्या पातळ पटलातच असते. म्हणून खाच सापडली की तिच्या दोन्ही कडांचे छेद घेऊन पडदा जागेवर आहे का हे पाहावे, आणि दुसरा डोळा, हृदय व कान तपासण्याची शिफारस करावी.

डिस्कच्या जागी नरसाळ्यासारखी खोलगट रचना असलेला मॉर्निंग ग्लोरी हा दोष क्वचित दिसतो. तो दिसल्यास डोळ्यापुरते थांबू नये. मेंदूच्या तळाशी एन्सेफॅलोसील (कवटीच्या फटीतून मेंदूचा भाग बाहेर, कधी नाकात, येणे) आणि मेंदूच्या धमन्या अरुंद होण्याचा मोयामोया हा विकार त्यासोबत असू शकतो, त्यामुळे मेंदूचा एमआरआय आणि एमआर अँजिओग्राफी करून घ्यावी. नाकाच्या आत दिसणाऱ्या फुगवट्याची बायोप्सी घेण्याआधी तर ती हवीच.

एमआरआय कधी, सीटी कधी

सोनोग्राफीने प्रश्न सुटला नाही, गाठीची शंका राहिली, किंवा ऑप्टिक नर्व्ह व मेंदू पाहायचा असेल तर एमआरआय करावा. सीटी कॅल्शियम उत्तम दाखवते हे खरे, पण रेटिनोब्लास्टोमाच्या आनुवंशिक प्रकारातील मुलांना पुढे आयुष्यभर इतर कर्करोगांचा धोका असतो आणि किरणोत्सर्गाने तो वाढतो. सोनोग्राफीत कॅल्शियम दिसत असताना केवळ खात्रीसाठी सीटी मागवण्याची सवय सोडावी. सीटीची जागा मार लागलेल्या डोळ्यात आहे: आत धातूचा तुकडा असण्याची शंका असेल तर एमआरआय करूच नये, तेथे सीटीच करावी.

एमआरआयसाठी डोळ्यांचे पातळ छेद, चरबीचा संकेत दाबलेली टी-१ चित्रे गॅडोलिनियमच्या आधी व नंतर, टी-२ चित्रे आणि डिफ्यूजन, एवढे मागवावे, आणि मेंदूही त्याच बैठकीत पाहून घ्यावा. गाठ टी-१ वर व्हिट्रियसपेक्षा किंचित उजळ आणि टी-२ वर स्पष्ट गडद दिसते, गॅडोलिनियम घेते आणि डिफ्यूजनचे मूल्य खाली येते. कोट्स रोगात पडद्याखालील द्रव टी-१ व टी-२ दोन्हींवर उजळ असतो, पण त्यात गॅडोलिनियम घेणारा गोळा सापडत नाही. पडदा साधा सुटला असेल तर द्रवाचा उजळपणा त्यातील प्रथिनांवर अवलंबून असतो, तेव्हा केवळ उजळपणावरून कारण ठरवू नये. पीएफव्हीमध्ये भिंगामागचा थर आणि देठ गॅडोलिनियम घेतात व दोन्ही मिळून उभ्या दांड्याच्या पेल्याचा आकार दिसतो. दोन्ही डोळ्यांत पडदा सुटलेला आणि मेंदूची घडण बिघडलेली दिसली तर वॉकर-वॉरबर्ग सिंड्रोम आठवावा.

भूल देऊन एमआरआय करायचा असेल तर उपाशी राहण्याची वेळ पालकांना कागदावर लिहून द्यावी: साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास आधीपर्यंत, डब्याचे किंवा गाईचे दूध सहा तास आधीपर्यंत. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून पहाटेच्या बसने येणाऱ्या आईला ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे मोघम सांगितले तर बाळ विनाकारण आठ-दहा तास उपाशी राहते आणि यंत्रापाशी पोहोचेपर्यंत बेजार होते. पहिल्या काही महिन्यांतील बाळाला पाजून, घट्ट गुंडाळून, भूल न देताच एमआरआय करता येतो. तो प्रयत्न आधी करावा.

अहवाल कसा लिहावा

अहवालात ‘पडदा सुटलेला, जन्मजात दोष नाकारता येत नाही’ असे वाक्य लिहून जबाबदारी पुढे ढकलू नये. पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल असे वाक्य साधारण असे असते: ‘उजव्या डोळ्याची अक्षीय लांबी १५.८ आणि डाव्याची १८.१ मिलिमीटर, उजव्या भिंगामागे जाडसर थर असून त्यातून एकच देठ डिस्कपर्यंत जातो व त्यात धमनीचा प्रवाह आहे, भिंतीलगत दृष्टिपटल जागेवर आहे, डिस्कपाशी मात्र देठाने ते थोडे वर ओढले आहे, कॅल्शियम किंवा गोळा दिसत नाही, चित्र पीएफव्हीशी जुळते.’ माप, रेघेची दोन्ही टोके, हालचाल, पडद्याखालील द्रव, कॅल्शियम, डॉपलर आणि दुसरा डोळा यांपैकी जे पाहता आले नाही तेही स्पष्ट लिहावे. मूल रडत असल्याने डॉपलर झाले नाही, हे लिहिण्यात कमीपणा नाही, आणि ते लिहिले नाही तर प्रवाह नव्हताच असा अर्थ लावला जातो.

मुलाला पुढे पाठवताना छापील चित्रांबरोबर हालचालीच्या क्लिपही सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर द्याव्यात, आणि त्यावर डोळ्याची बाजू व प्रोबच्या खुणेची दिशा लिहावी. जन्मजात मोतीबिंदूच्या प्रत्येक मुलाची शस्त्रक्रियेपूर्वी अशी सोनोग्राफी झालेली असावी, कारण गढूळ भिंगामागे काय आहे हे नंतर कळणे परवडत नाही. गाठीचे निदान झालेल्या मुलाच्या भावंडांची डोळ्यांची तपासणीही लगेच ठरवावी, आणि धाकटे भावंड पोटात असेल तर आईला जनुकीय सल्ल्यासाठी बाळंतपणाआधीच पाठवावे.